आधी झोका मोजा, मग वॅट

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या सुतारांना सध्या एक सल्ला सर्रास दिला जातो. पातं झुलवून कापणारं मल्टी-टूल घ्यायचं असेल, तर परवडेल त्यातलं सगळ्यात जास्त वॅटचं आणि सगळ्यात मोठ्या झोक्याचं घे. बारीक काम काय, ते मोठ्यावरही होतं. हार्डवेअरच्या दुकानात हा सल्ला मिळतो, मोबाइलवरच्या व्हिडिओंत मिळतो, साइटवर एक मिस्त्री दुसऱ्याला हेच सांगतो. कल्याण सोडून मुरबाड, टोकावडे ओलांडत माळशेज घाटाच्या पायथ्याशी वैशाखऱ्याला पोचेपर्यंत या सल्ल्याचा नियम झालेला असतो.

हा सल्ला चुकीचा आहे. पाडकाम करणाऱ्याला तो लागू पडेल. कपाट, दार, खण, बिजागरी यांचं नेमकं काम करणाऱ्या सुताराचं मात्र त्याने पैशाचं, लाकडाचं आणि हाताचं नुकसान होतं. नेमक्या कामासाठी मल्टी-टूल निवडताना सुरुवात पात्याच्या टोकापासून करायला हवी. ते टोक किती सरकतं, किती घट्ट धरलेलं आहे, किती मंद चालवता येतं आणि पातं झिजल्यावर दुसरं कुठे मिळतं, हे चार प्रश्न आधी विचारावेत. मोटरची चौकशी त्यानंतर.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे मांडतो. पहिला मुद्दा असा की ताकद जास्त असली की यंत्र अडत नाही, आणि न अडणाऱ्या यंत्राचा काप सरळ येतो. दुसरा असा की मोठा झोका लवकर कापतो, वेळ वाचतो, वेळ वाचला की मजुरी वाचते. तिसरा मुद्दा वेगाच्या चकतीचा: बारीक काम आलं की चकती फिरवून वेग उतरवायचा, मोठं यंत्र आपोआप लहान होतं. चौथा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. खेड्यातल्या सुताराला दोन यंत्रं परवडत नाहीत; एकच घ्यायचं तर ज्यावर जड कामही निघेल असंच घ्यावं. यातला एकही मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. तिसऱ्यात मात्र एक तांत्रिक चूक आहे, आणि चौथा पूर्णपणे त्या चुकीवर उभा आहे.

ती चूक दाखवण्याआधी इथलं काम काय आहे ते बघू. वैशाखरे हे नाणेघाटाच्या कोकणाकडच्या पायथ्याचं गाव. सातवाहनांच्या काळापासून जुन्नर आणि कोकणातली बंदरं जोडणारी वाट या बाजूने घाट चढते. मुरबाड-शहापूरच्या जंगलात साग आणि ऐन आहे आणि जुन्या घरांच्या चौकटी, तुळया, दारं याच लाकडांची आहेत. नांगर, बैलगाडी आणि दार-चौकट हे इथल्या सुताराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आता नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे आणि रस्त्यांलगत शेतघरं, बंगले, रिसॉर्टं उभी राहिली आहेत. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो, समृद्धी महामार्गही जातो. त्यामुळे एकाच सुताराला या आठवड्यात जुन्या सागवानी चौकटीचा कुजलेला पाय कापून तिथे नवा तुकडा सांधायचा असतो, आणि पुढच्या आठवड्यात सनमायका चढवलेल्या प्लायवूडच्या कपाटात स्विचबोर्डासाठी चौकोन काढायचा असतो.

दोन्ही कामांत अडचण जागेची असते. चौकट भिंतीत बसलेली आहे, कपाट भिंतीला ठोकून झालेलं आहे. हातकरवत फिरवायला वाव नाही. जिगसॉला खालून मोकळी जागा लागते. ग्राइंडरवर लाकडाचं पातं चढवून काप घेणं हा तर जीवघेणा प्रकार आहे, तो कुणीही करू नये. अशा जागी मल्टी-टूल खरोखर उपयोगी पडतं, कारण त्याचं पातं गोल फिरत नाही. ते एका अक्षाभोवती काही अंश डावीकडे, काही अंश उजवीकडे असं झुलतं आणि समोरून थेट लाकडात शिरतं. फरशी बसवल्यावर चौकटीचा पाय तेवढाच छाटायचा, लाकडी खुंटीचं वर आलेलं टोक फळीच्या सपाटीला कापायचं, बिजागरीच्या खाचेची बाजू उभी कापायची, खणाच्या मागच्या फळीत वायरीपुरतं भोक पाडायचं, ही याची खरी कामं. सगळी कामं मिलिमीटरांत मोजायची आहेत.

आता पहिला मुद्दा, ताकदीचा. हे यंत्र ज्या गरजेतून जन्मलं तिच्यात ताकदीला दुय्यम स्थान होतं. हाड मोडल्यावर घातलेलं प्लास्टर कापायचं, पण आतल्या कातडीला इजा होऊ द्यायची नाही, असा प्रश्न डॉक्टरांपुढे होता. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी १९४०च्या दशकात झुलत्या पात्याचं प्लास्टर कापणारं यंत्र तयार केलं. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १९६७ साली आपलं तसं यंत्र आणलं. ही कंपनी १८६७ सालची, आणि विजेवर चालणारं हातातलं ड्रिल १८९५ साली तिनेच बनवलं होतं. प्लास्टर कडक असतं, म्हणून झुलणारे दात त्याला कापतात. कातडी मऊ आणि हलणारी, ती दातांबरोबर थोडी सरकते आणि वाचते. हे शक्य होतं ते झोका अगदी लहान असल्यामुळे. झोका वाढवला असता, तर ते यंत्र दवाखान्यात वापरताच आलं नसतं. पुढे तेच तत्त्व कारागिरांच्या हाती आलं आणि फाइनच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही या यंत्रात उतरल्या. लहान हालचालीतून मिळणारा ताबा हा या यंत्राचा मूळ गुण आहे. तोच गुण काढून टाकून वर त्याला प्रगती म्हणणं मला मान्य नाही.

वॅटचा आकडा काय सांगतो तेही समजून घ्यायला हवं. खोक्यावर छापलेले वॅट म्हणजे यंत्र विजेच्या तारेतून किती शक्ती ओढतं ते. त्यातली काही उष्णतेत जाते, काही कंपनात जाते, उरलेली दातांपर्यंत पोचते. त्यामुळे दोन कंपन्यांची सारख्या वॅटची यंत्रं लाकडात सारखी चालतीलच असं नाही. काप सरळ येण्यासाठी महत्त्वाचं असतं ते भार पडल्यावर वेग टिकणं. चांगल्या यंत्रात त्यासाठी वेग स्थिर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती असेल तर ३०० वॅटचं यंत्रही १८ मिलिमीटर प्लायमध्ये न अडखळता चालतं. ती नसेल तर जास्त वॅटचं यंत्रही दाब देताच गुरगुरतं आणि हात रेषेवरून सरकतो. दुकानात वॅट विचारण्याऐवजी, दाब दिल्यावर वेग टिकतो का, हे विचारायला हवं.

आता झोका. बॉश कंपनीच्या जीओपी मालिकेत यंत्राचं नावच ही माहिती देतं. जीओपी ३०-२८ म्हणजे ३०० वॅट आणि २.८ अंशांचा झोका. जीओपी ४०-३० म्हणजे ४०० वॅट आणि ३ अंश. जीओपी ५५-३६ म्हणजे ५५० वॅट आणि ३.६ अंश. इतर कंपन्यांच्या माहितीपत्रकातही हा कोन दिलेला असतो. बाजारात साधारण पावणेतीन अंशांपासून ५ अंशांपर्यंतची यंत्रं मिळतात.

अंशातला फरक ऐकायला किरकोळ वाटतो. तो लाकडावर मोजू. अक्षापासून पात्याच्या दातांपर्यंतचं अंतर ८० मिलिमीटर धरलं, तर एका अंशाला दातांचं टोक सुमारे १.४ मिलिमीटर सरकतं. २.८ अंशांच्या यंत्रात टोकाची एकूण हालचाल जवळजवळ ३.९ मिलिमीटर होते, ३.६ अंशांच्या यंत्रात ५ मिलिमीटर, आणि ५ अंशांच्या यंत्रात ७ मिलिमीटर. आता १० मिलिमीटर रुंदीचं पातं घेऊन फळीत सरळ आत शिरा. पहिल्या यंत्राने पडणारी खाच सुमारे १४ मिलिमीटर लांब होईल, ५ अंशांच्या यंत्राने १७ मिलिमीटर. पात्याची रुंदी अधिक झोका, एवढी खाच पडणारच. कारागिराचा हात कितीही स्थिर असो. बिजागरीच्या खाचेचा कोपरा कापताना पातं रेषेपासून अर्धा झोका आत धरावं लागतं. लहान झोक्याच्या यंत्रात हे अंतर २ मिलिमीटरांच्या आत राहतं, मोठ्यात साडेतीन होतं. सनमायकाच्या पृष्ठभागावर कोपऱ्याबाहेर गेलेले हे दीड-दोन मिलिमीटर कशानेही भरून येत नाहीत. लांब पातं लावलं, तर हा फरक आणखी वाढतो.

तिसऱ्या मुद्द्यातली चूक इथे उघड होते. वेगाची चकती मिनिटाला पडणारे झोके कमी करते. झोक्याची लांबी ती बदलत नाही. झोका किती मोठा, हे मोटरच्या दांड्यावर बसवलेल्या विकेंद्री भागाने ठरतं, आणि बाजारातल्या जवळजवळ सगळ्या यंत्रांत तो भाग कारखान्यातून निघतानाच कायमचा ठरलेला असतो. मिनिटाला २०,००० झोक्यांवरून ८,००० वर आणलं, तरी ५ अंशांचं यंत्र ५ अंशच झुलणार आणि १७ मिलिमीटरची खाच १७ मिलिमीटरचीच राहणार. उलट वेग उतरल्यावर प्रत्येक मोठ्या झोक्याचा धक्का हाताला वेगळा जाणवतो आणि काप सुरू करताना पातं रेषेवरून उड्या मारतं. मोठं यंत्र चकती फिरवून लहान करता येतं, हा समज या संपूर्ण सल्ल्याचा पाया आहे, आणि तो पाया खोटा आहे.

वेगाची चकती निरुपयोगी आहे, असं मात्र मी म्हणत नाही. ती असायलाच हवी. सनमायका जास्त वेगावर कापला की कडा करपते. ऐनासारख्या कठीण लाकडात दात बोथट होऊ लागले की काळा डाग पडतो. खिळा कापायचा तर वेग उतरवावाच लागतो, नाहीतर दात तापून मऊ पडतात. चकती उष्णतेवर ताबा देते, आणि मापावरचा ताबा झोक्याच्या कोनातून येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दुसरा मुद्दा, वेळेचा. इथे समोरच्या बाजूला काही देणं लागतो. मोठा झोका लवकर कापतो, हे खरं आहे. जाड लाकडात खोल काप घेताना लहान झोक्याचे दात त्याच चार मिलिमीटरांत पुढे-मागे होत राहतात, भुसा बाहेर निघायला जागा मिळत नाही, तो तापतो आणि काप जळतो. मोठा झोका भुसा बाहेर ओढतो. जुनी चौकट उखडायची, तुळईत खोलवर शिरायचं, फरशीखालचं लाकूड तोडून काढायचं, हे ज्याचं रोजचं काम आहे त्याने चार-पाच अंशांचं यंत्र जरूर घ्यावं. कपाटकाम करणाऱ्या सुताराला मात्र असे खोल काप क्वचित पडतात. त्या वेळी पातं दर काही सेकंदांनी बाहेर काढायचं, बाजूला थोडं हलवून भुसा मोकळा करायचा आणि पुन्हा शिरायचं. यात दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील. कोपरा बाहेर कापला गेला, तर सनमायका उचकटून नवा चिकटवायला अर्धा दिवस जातो आणि नव्या शीटचे पैसे सुताराच्या मजुरीतून वजा होतात. वेळेचा हिशोब करायचा तर संपूर्ण कामाचा करायला हवा. एका कापाचे सेकंद मोजून तो पुरा होत नाही.

या हिशोबात इथल्या पावसाचाही विचार करायला हवा. माळशेजच्या पायथ्याला पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की दारं फुगून चौकटीला घासतात, आणि यंत्र हाती असलं की घासणारी कड छाटून टाकायचा मोह होतो. जाणता सुतार जुलैत हात आखडता घेतो, कारण तेच दार मार्चमध्ये आकसतं आणि फट दिसू लागते. छाटायचंच असेल, तर मिलिमीटरभर. एवढं कमी घ्यायला जे यंत्र ऐकतं, ते या हवामानाला योग्य.

पात्यांकडे वळू. निवडीच्या गप्पांत पात्याचा विषय शेवटी येतो. माझ्या मते तो पहिला यायला हवा, कारण यंत्र एकदा घ्यायचं असतं आणि पाती वर्षानुवर्षं. सागात निसर्गतःच सिलिका असते, त्यामुळे पोलादी दातांची धार लवकर जाते. प्लाय आणि पार्टिकल बोर्डमधला कडक झालेला गोंदही धार खातो. स्वच्छ, खिळा नसलेल्या लाकडासाठी जास्त कार्बनच्या पोलादाचं पातं चांगलं. जपानी दातांचं पातं तर फार साफ कापतं, पण एक खिळा लागला की त्याचे दात जातात. जुन्या चौकटीत खिळे दडलेले असतातच, तिथे बाय-मेटल पातं लावावं. गंजलेले कडक स्क्रू आणि घासून टाकणारं बोर्ड यांसाठी कार्बाइड दातांचं पातं, किंमत जास्त असली तरी. एकाच पात्याने सगळं उरकायचं ठरवलं, की कुठलंही यंत्र वाईट वाटू लागतं.

पातं यंत्रात धरणारी पकड तर त्याहून महत्त्वाची. बॉश आणि फाइन यांनी २०१६ साली स्टारलॉक नावाची पकड आणली. तिच्यात पात्याचा मधला भाग बशीसारखा खोलगट असतो आणि तो यंत्राच्या टोकावर किल्लीविना घट्ट बसतो. तिचे तीन दर्जे आहेत. साध्या स्टारलॉकची पाती स्टारलॉक प्लस आणि स्टारलॉक मॅक्स यंत्रांत बसतात, प्लसची पाती मॅक्समध्ये बसतात, मॅक्सची पाती मात्र फक्त मॅक्समध्ये. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांत सपाट पाती स्क्रूने किंवा खटक्याने आवळण्याची पद्धत आहे, आणि त्यांची पाती स्वस्त नि बाजारात मुबलक मिळतात. कुठली पकड घ्यावी, याचं एकच उत्तर मी देणार नाही. एक कसोटी मात्र सांगतो. कल्याणला किंवा मुरबाडला तुम्ही ज्या दुकानात नेहमी जाता, तिथे त्या पकडीची बाय-मेटल पाती कपाटात आत्ता आहेत का, ते बघा. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं, तर तो नकार समजा. घाटाच्या पायथ्याशी काम अर्ध्यावर असताना पातं मोडलं आणि दुसरं मिळायला चार दिवस लागले, तर साडेपाचशे वॅटची मोटर पेटीत पडून राहते. पकड ढिली असेल, तर पात्याच्या टोकाला तो ढिलेपणा दामदुप्पट होऊन दिसतो, आणि मग लहान झोक्याचा सगळा फायदा वाया जातो.

विजेबद्दलही एक गैरसमज आहे. गावात व्होल्टेज पडतं म्हणून जास्त ताकदीचं यंत्र घ्यावं, असं सांगितलं जातं. व्होल्टेज पडलं की तारेवर चालणाऱ्या मोटरचा वेग उतरतो, ती मोठी असो वा लहान. लहान यंत्राचा फायदा असा की ते वीजच कमी ओढतं. २३० व्होल्टवर ४०० वॅट म्हणजे पावणेदोन अँपिअरच्या आत. एवढ्या भाराने पन्नास-साठ फूट लांब एक्स्टेन्शनच्या तारेतही व्होल्टेज फारसं पडत नाही, आणि घरच्या तारांवर ताण येत नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा बॅटरीवरचं यंत्र उपयोगी पडतं हे खरं. ते घ्यायचं तर हाताशी असलेल्या ड्रिलच्या बॅटरीवर चालणारं घ्यावं, म्हणजे चार्जर आणि बॅटरीचा खर्च दुसऱ्यांदा होत नाही. बॅटरीवरच्या यंत्रांतही व्होल्ट बघून भुलू नये. झोक्याचा कोन तिथेही तितकाच तपासावा.

या सगळ्यात सुताराच्या शरीराचा विचार कुणी करत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. यंत्राच्या माहितीपत्रकात कंपनाचा आकडा मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिलेला असतो. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशानुसार ८ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ हा आकडा गाठला की मालकाने उपाय सुरू करायचे असतात, आणि ५ ही ओलांडू नये अशी मर्यादा आहे. समजा, एका यंत्राचा आकडा १० आहे. ते अर्धा तास चालवलं की २.५ची पातळी येते, दोन तासांत ५ची मर्यादा संपते. दुसऱ्याचा आकडा ५ असेल, तर २.५ला पोचायला दोन तास लागतात आणि मर्यादेपर्यंत पूर्ण ८ तास. कंपन निम्मं झालं की सुरक्षित वेळ चौपट होतो. वर्षानुवर्षं जोराच्या कंपनाची यंत्रं धरणाऱ्यांची बोटं बधिर होतात, पांढरी पडतात, बारीक पकड जाते. ज्याची उपजीविका बोटांच्या टोकांवर आहे, त्याला कंपन कमी करणाऱ्या आवरणाशिवायचं दणकट यंत्र घ्यायला सांगणं ही बेपर्वाई आहे. धुळीचंही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. हे यंत्र अगदी बारीक धूळ काढतं, तीही बहुतेक वेळा बंद खोलीत आणि चेहऱ्याजवळ. धूळ ओढणारी नळी जोडायची सोय आहे का, हा प्रश्न दुकानात ऐच्छिक समजू नये, आणि काम करताना तोंडाला मास्क लावावाच.

आता चौथा मुद्दा, पैशांचा. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकाम आहे. योजनेत प्रशिक्षणाबरोबर हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे, आणि पुढे ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख रुपयांचं बिनतारण कर्ज. १५,००० रुपये ही सुताराला मिळणारी चांगली रक्कम आहे, पण ती एकदाच मिळते. मोठं मल्टी-टूल घेऊन तिचा मोठा वाटा एका यंत्रात घातला, तर पात्यांना, मास्कला, चांगल्या पटाशांना, गुण्याला काय उरतं? एकच यंत्र परवडतं, ही अडचण खरी आहे. तिचं उत्तर मात्र उलट दिशेला आहे. लहान झोक्याच्या यंत्राने जड काम उशिरा का होईना निघतं. मोठ्या झोक्याच्या यंत्राने बारीक काम नीट निघतच नाही, कारण चकतीने झोका कमी होत नाही. एकच यंत्र घ्यायचं असेल, तर जे दोन्ही कामं करू शकतं ते घ्यावं, आणि हिशोब असा मांडला तर ते साधारण तीन अंशांचं, वेग टिकवणारं, मध्यम ताकदीचं यंत्र ठरतं. राहिलेल्या पैशांतून तीन प्रकारची पाती आणि दोन पटाशा घ्याव्यात.

पटाशीचं नाव घेतलं ते मुद्दाम. जुन्या पिढीतले काही कारागीर या यंत्राला हातच लावू नये म्हणतात. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्यामागची जाण मला हवी आहे. यंत्राने रेषेच्या आत मिलिमीटरभर थांबायचं आणि शेवटचा थर पटाशीने घ्यायचा, ही शिस्त यंत्राबरोबरच शिकवायला हवी. सरळ लाकडाचा ठोकळा रेषेला चिमटून त्याच्या आधाराने पातं चालवलं, तर काप रंध्याने केल्यासारखा सरळ येतो. प्रशिक्षणाच्या वर्गात हे दहा मिनिटांत दाखवता येतं. वॅट किती, हे सांगण्यात तीच दहा मिनिटं घालवू नयेत.

यंत्र घ्यायला जाताना सनमायका चढवलेल्या १८ मिलिमीटर प्लायचा तुकडा सोबत घेऊन जा. त्यावर बारीक टोकाच्या पेन्सिलने बिजागरीची खाच आखा. दुकानदाराला यंत्र लावायला सांगा, सगळ्यात कमी वेगावर पातं रेषेवर टेकवा आणि काप सुरू होताना टोक नाचतं का ते बघा. खाचेची लांबी पट्टीने मोजा आणि पात्याच्या रुंदीशी ताडून पाहा. फरक चार मिलिमीटरांच्या फार वर असेल, तर ते यंत्र तुमचं नाही. मग दाब वाढवा आणि आवाज ऐका. वेग ढासळत असेल, तर परत ठेवा. पातं हाताने हलवून बघा, पकडीत खेळ असेल तर तेही नको. पाच मिनिटं सलग चालवल्यावर तळहात झिणझिणतो का, ते बघा. शेवटी पात्यांचं कपाट उघडायला लावा. दुकानदार एवढं करू देत नसेल, तर दुसऱ्या दुकानात जा. कल्याणात दुकानं कमी नाहीत.

आणि सल्ला देणाऱ्यांना माझी विनंती आहे, मग ते विक्रेते असोत, व्हिडिओ बनवणारे असोत वा प्रशिक्षण देणारे. तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून एखादा सुतार कर्ज काढतो. त्याला सगळ्यात मोठं यंत्र घे असं सांगण्याआधी तू काय कापतोस, हे विचारा. तो दारं, कपाटं, बिजागऱ्या म्हणाला, तर त्याला झोक्याचा कोन सांगा, कंपनाचा आकडा सांगा, पाती कुठे मिळतात ते सांगा. वॅट त्यानंतर सांगितले तरी चालतील. हे तुम्हाला माहीत नसेल, तर आधी शिकून घ्या, आणि तोवर दुसऱ्याच्या पैशाने मोठं यंत्र घ्यायला लावू नका.